दोन शिक्क्यांची पदवी आणि मढवी

आमच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे. पहिली प्रवेशाची, शेवटची तोंडी, आणि मधली मढवींची. पहिल्या आणि शेवटच्या परीक्षेला अभ्यास केला की भागतं.

कमळाकर मढवी म्हणजे पीएचडी विभागाचे कक्ष अधिकारी. विद्यार्थ्याच्या नोंदणीपासून पदवीची अधिसूचना निघेपर्यंत जो जो कागद हलायचा, तो त्यांच्या टेबलावरून हलायचा. ठेंगणे, सावळे, तेल लावून चप्प बसवलेले पांढरे केस, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला शाईचं पेन. टेबलावर स्टीलची फूटपट्टी, शिक्क्यांचा स्टँड आणि आवक-जावकची दोन जाड रजिस्टरं. कम्प्युटर होता, चालवताही यायचा त्यांना, पण काम संपलं की लगेच त्याच्यावर धुतलेला नॅपकीन पसरायचे. धूळ बसते म्हणायचे. मला वाटतं, त्यांना तो उघडा बघवत नसावा.

मी मृदाशास्त्र शिकवते, म्हणजे मातीचा अभ्यास. मूळची साताऱ्याकडची, आणि तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचा प्रबंध मढवींनी परत पाठवला, का, तर डावीकडचा समास दोन सूत कमी. तो सुधारून पाठवला, तर पान क्रमांक चुकीच्या कोपऱ्यात म्हणून परत. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मीच पदर खोचून तिसऱ्या मजल्यावर गेले. संशोधन मोजायला फूटपट्टी लागत नाही, वगैरे बरंच काही बोलले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं, मग मागच्या कपाटातून एक जुना प्रबंध काढून माझ्यापुढे उघडला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि आत प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बांधणीच्या शिलाईत गडप झालेलं.

"पाच वर्सं घासली त्या पोरान," मढवी म्हणाले, "आनि आता कोनाला वाचता येत नाय."

मी प्रबंध उचलला आणि मुकाट्याने खाली आले. त्या दिवसापासून मढवींशी भांडायचं तर आधी फूटपट्टी लावून बघायची, असं मी ठरवलं. भांडायचं मात्र सोडलं नाही.

मढवी ठाणे-बेलापूर रोडवरच्या तळवलीचे. तळवली हे मूळचं गाव, आमचे सेक्टर आणि सोसायट्या मागाहून आल्या. तोंडाने ते गावची बोली बोलायचे आणि पेनाने शासकीय मराठी लिहायचे, आणि दोन्हींत एकदाही सरमिसळ व्हायची नाही. कागदावर 'उपरोक्त विषयान्वये' लिहिता लिहिता शिपायाला 'जरा पंखा बारीक कर र' म्हणायचे. मी सानपाड्याला राहते हे कळल्यावर त्यांनी सोसायटीचं नाव विचारलं, जरा आठवल्यासारखं केलं, आणि तिथे त्यांच्या मामाचं मिठागर होतं असं सांगितलं. बी विंग साधारण कोंडीवर, म्हणजे खारं पाणी अडवायच्या वाफ्यावर आली असेल, म्हणाले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. माझ्या बाथरूमच्या भिंतीला सारखं पांढरं का फुटतं, याचा मात्र त्या दिवशी उलगडा झाला. मातीची प्राध्यापक मी, आणि माझ्या घराखालच्या मातीचा पत्ता मला कक्ष अधिकाऱ्याने द्यावा!

पीएचडीची वर्षं ते शाळेच्या इयत्तांसारखी मोजायचे. नोंदणी झाली की पहिलीत. कुणी विद्यार्थी समोर आला की कितवीत आहेस म्हणून विचारायचे, आणि मुलंही लाजत लाजत चौथीत, पाचवीत असं सांगायची. एकजण नववीत होता. त्याला बघितलं की मढवी उठून त्याच्यासाठी चहा मागवायचे. एवढ्या मोठ्या मुलाला रागावणं बरं दिसत नाही, म्हणायचे.

तर अशा या मढवींच्या टेबलावर एक दिवस हॉलंड आलं.

झालं असं, की समुद्र हटवून मिळवलेल्या खाऱ्या जमिनीवर हॉलंडच्या एका विद्यापीठात पुष्कळ काम चालतं, आणि खाडीकाठच्या खारजमिनीवर आमच्या विभागात. त्यांच्या-आमच्या ओळखी वाढल्या, आणि दोन्ही विद्यापीठांनी मिळून पीएचडी द्यायची असं ठरलं. विद्यार्थी एक, प्रबंध एक, तोंडी परीक्षा एक. मार्गदर्शक दोन, नोंदणी दोन्हीकडे, आणि शेवटी प्रमाणपत्र एकच, त्याच्यावर दोघांचे शिक्के. ऐकायला छान वाटतं. करार लिहायला बसलो तेव्हा मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आले. विज्ञानाच्या बाबतीत तासाभरात एकमत झालं, पण प्रमाणपत्रावर कुणाचा शिक्का डावीकडे आणि कुणाचा उजवीकडे, यावर तीन बैठका गेल्या. आमचे लोक म्हणत, आमचं विद्यापीठ यजमान. त्यांचे म्हणत, आमचं जुनं. तिसऱ्या बैठकीला मढवी फाईल घेऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, लग्न कुठल्या मांडवात लागणार? म्हणजे तोंडी परीक्षा जिथे होईल, त्यांचा शिक्का डावीकडे. पुढचं पोर तिकडे परीक्षेला बसलं की त्यांचा डावीकडे. मी ते इंग्रजीत सांगितलं, पडद्यावरचे डच प्राध्यापक जोरात हसले आणि करारात तसं कलम पडलं.

करारानुसार तिकडच्या कार्यालयातून पत्रव्यवहार बघायला योहाना नावाच्या बाई नेमल्या होत्या. मढवींना इंग्रजी वाचता यायचं, लिहिताना ते शब्दकोश घेऊन बसायचे. योहानाबाईंचा प्रत्येक मेल ते छापून घ्यायचे, त्यावर शिक्का मारायचे, आवक क्रमांक टाकायचे आणि फायलीला लावायचे. एकदा बाईंनी नुसतंच 'थँक्स' लिहून पाठवलं. त्यालाही आवक क्रमांक मिळाला. मी खूप चिडवलं त्यांना, तर म्हणाले, आलेला कागद आलेलाच असतो. त्यांची उत्तरंही साग्रसंगीत असायची, विषय, संदर्भ एक, संदर्भ दोन, मग मजकूर. सहा महिन्यांनी योहानाबाईंचे मेलही विषय आणि संदर्भ घालून येऊ लागले. पत्र मिळाल्याची पोच द्यावी, असं त्या शेवटी लिहू लागल्या. मढवींना त्याचा फार आनंद झाला. बाई तयार झाल्या, असं त्यांनी मला लिफ्टमध्ये हळूच सांगितलं.

या संयुक्त पदवीची आमची पहिली विद्यार्थिनी प्रज्ञा वाघमारे. खांदेश्वरला राहायची. वडील लातूरकडचे, एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर. घरात कॉलेजात गेलेली ही पहिली. कमी बोलायची, पण चिखलात उतरायला कधी मागे-पुढे बघितलं नाही तिने. खाडीकाठची गावं भातशेतीतलं खारं पाणी बांध आणि उघाडीने कसं आवरायची, म्हणजे ओहोटीला दार उघडायचं, भरतीला बंद, यातलं मातीचं शास्त्र ती शोधत होती. ते ऐकल्यापासून मढवी तिला जरा जास्तच प्रश्न विचारायचे. फूटपट्टी मात्र तिलाही तीच.

आता मुख्य गोष्ट. ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते, आणि वाटायलाच पाहिजे.

प्रज्ञा दुसरीत असताना दीड वर्षासाठी हॉलंडला निघाली. तिकडून पत्र आलं, की आम्ही हिची आमच्याकडे नोंदणी करतोय, तुमची संमती असल्याचा कागद पाठवा. साधं ना हरकत पत्र द्यायचं होतं. पण मढवींच्या तोवरच्या तीस वर्षांच्या नोकरीत, आपला विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठात नोंदणी करायला निघाला की एकच कागद द्यायचा असायचा, तो म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट. तो घेतल्याशिवाय दुसरं विद्यापीठ मुलाला दारात उभं करत नाही, आणि तो दिला की मुलगा आपला राहत नाही. एक विद्यार्थी एकाच वेळी दोन विद्यापीठांत असणार, हे करारात लिहिलेलं होतं. त्या कराराच्या पानांना क्रमांक खुद्द मढवींनी घातले होते. पण हाताला सवय होती ती सवय. त्यांनी प्रज्ञाकडून मायग्रेशनचा अर्ज भरून घेतला, माझ्याकडे मार्गदर्शकाच्या सहीला पाठवला, आणि मी लेक्चरला जाता जाता जिन्यात, भिंतीवर कागद टेकवून, न वाचता सही ठोकली. मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तिचं नाव लिहून, गोल शिक्का मारून, ते देखणं प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं. तिने ते हॉलंडला नेऊन योहानाबाईंना दिलं. आणि इकडे कम्प्युटरने प्रज्ञा वाघमारेची नोंदणी बंद केली.

कुणाला पत्ता नाही. मुलगी गेली, आली, शेतात राबली, प्रबंध लिहिला. पाचवीत असताना प्रबंध द्यायला आली, तेव्हा वडील रजा घेऊन सोबत आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मढवींनी कम्प्युटरवरचा नॅपकीन काढला आणि तिचा क्रमांक टाकला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. मग नॅपकीन परत पसरला, मशीन बंद आहे म्हणून सांगितलं, दोघांना चहा पाजला आणि सोमवारी यायला सांगितलं.

ते गेल्यावर मढवी माझ्या विभागात आले. इतक्या वर्षांत ते कधी माझ्याकडे आले नव्हते, नेहमी मीच वर जायचे. खुर्चीच्या कडेवर बसले. काय झालंय ते त्यांनी सगळं नीट, क्रमाने सांगितलं, जसं टिपणीत लिहितात तसं. करारात अट होती की संपूर्ण काळ दोन्ही विद्यापीठांत नोंदणी अखंड पाहिजे. आमच्याकडची तुटली, म्हणजे संयुक्त पदवी गेली. मुलगी कागदोपत्री साडेतीन वर्षं आमची कुणीच नव्हती. ऐकून नेहमीप्रमाणे मी भडकले. काय वाट्टेल ते बोलले. तुमची पट्टी काय चाटायचीय आता, असंही बोलले. माझा आवाज संपल्यावर त्यांनी अर्जाची झेरॉक्स पुढे केली, आणि त्यावरची माझी सही मला दिसली.

उपकुलसचिव साहेब माणूस वाईट नव्हते. प्रकरण त्यांच्याकडे गेल्यावर त्यांनी मला आणि मढवींना बोलावून मार्ग सांगितला. दिलेलं प्रमाणपत्र रद्द करायचं, तर आधी मूळ कागद परत आला पाहिजे. आणि ते चुकून कसं दिलं गेलं, याची टिपणी पाहिजे. अर्जावर मुलीची सही आहे. तिनेच गैरसमजाने अर्ज केला असं लिहा, म्हणजे कुणावर काही येत नाही. तिची नव्याने नोंदणी करू, झालेलं काम जमेस धरू, फार तर दोन-अडीच वर्षं जातील. कार्यालयाची चूक असं लिहिलं, तर विद्यार्थिनीची नोंदणी अखंड धरता येईल, नियमच तसा आहे. पण मग चूक करणाऱ्याची चौकशी लागणार. मढवींकडे बघून ते मायेने म्हणाले, की तुमचे तीन महिने राहिलेत, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, कशाला डाग लावून घेता.

मढवींचं सेवापुस्तक कोरं होतं. शेरा नाही, ताकीद नाही, विनावेतन रजा नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवत नसत. निवृत्तीच्या दिवशी ते पुस्तक घरी नेऊन सगळ्यांना दाखवता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. ते त्यांनी मला दोन-तीनदा तरी सांगितलं होतं. त्या दिवशी साहेबांना ते एवढंच म्हणाले, की उद्या टिपणी देतो.

आधी मूळ कागद. त्याच दुपारी योहानाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. चार वर्षं हे दोघं पत्रं लिहीत होते, पण एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. मढवींनी केस पुन्हा विंचरले. पडद्यावर बाई आल्या, साठीच्या, गुबगुबीत, चष्मा कपाळावर चढवलेला. मढवींना बघताच त्यांनी दोन्ही हात जोडले. आणि त्यांच्या मागे भिंतीवरच्या बोर्डावर, नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध, आमचं मायग्रेशन सर्टिफिकेट चार रंगीत टाचण्यांनी लावलेलं होतं. बाईंना तो कागद कशाचा हे कधी कळलंच नव्हतं. त्यांना वाटलं, पहिली विद्यार्थिनी पाठवली म्हणून भारतातून मानपत्र आलंय. इतकं सुंदर अक्षर, इतका मोठा शिक्का, ते कपाटात कशाला ठेवायचं म्हणून त्यांनी भिंतीवर लावलं. मी सगळा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी गालावर हात ठेवला. लगेच उठून टाचण्या काढल्या आणि त्याच संध्याकाळी कुरियर करते म्हणाल्या. मढवींनी मला विचारलं, रद्द झालेल्या कागदाच्या जागी बोर्डावर लावायला त्यांना दुसरं काहीतरी लिहून पाठवलं तर चालेल का. मी म्हटलं, आधी हे निस्तरा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी मला टिपणी वाचायला दिली. टाईप केलेली नव्हती, शाईच्या पेनाने लिहिली होती. 'सदर अर्ज मी स्वतः विद्यार्थिनीकडून भरून घेतला. ना हरकत पत्र देणे आवश्यक असताना मी स्थलांतर प्रमाणपत्र तयार केले. विद्यार्थिनीने अशी कोणतीही मागणी केलेली नव्हती. चूक सर्वस्वी माझी आहे. तरी विद्यार्थिनीची नोंदणी अखंड धरण्यात यावी, ही विनंती.' खाली सही, क. ह. मढवी.

मी म्हटलं, अर्जावर माझीही सही आहे, माझंही नाव घाला.

"तुमी वाचून सही केली होती काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मंग? वाचायचा काम कोनाचा? माझा. तुमी मातीचा बघायचा, मी कागदाचा."

मी म्हटलं, पेन्शन अडकली तर? त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मॅडम, पाचवीतल्या पोरीला परत पयलीत बसवायची? आनि ती पन माझ्या अक्षरान?" एवढं बोलून ते फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

मी माझं वेगळं पत्र दिलं, न वाचता सही केल्याबद्दल. ते फायलीला लागलं आणि त्याचं पुढे काहीच झालं नाही. प्राध्यापकांच्या चुकांना आमच्याकडे सेवापुस्तक नसतं की काय कोण जाणे. मढवींच्या चौकशीला मात्र दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात त्यांचा डबा पुष्कळदा तसाच घरी परत जायचा, हे मला शिपायाने सांगितलं. मी एकदा माझ्या डब्यातली पुरणपोळी नेऊन दिली, ती त्यांनी आग्रह केल्यावर अर्धी खाल्ली. मला त्यांच्यासमोर बसवत नव्हतं. आपण या माणसाला टाकून बोललो, आणि त्याने आपलं नाव कागदावर येऊ दिलं नाही, हे माझ्या मनातून जातच नव्हतं.

अखेर प्रज्ञाची नोंदणी अखंड धरली गेली. मढवींना ताकीद मिळाली. पेन्शन अडकली नाही, पण सेवापुस्तकात लाल शाईने एक ओळ पडली. ताकिदीचं पत्र पीएचडी विभागात आलं तेव्हा मी तिथेच होते. मढवींनी पाकीट फोडलं, शेवटपर्यंत वाचलं, वर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पत्र फायलीला लावलं. मग चहा मागवला. त्या दिवशी डबा संपूर्ण खाल्ला, हेही मला शिपायानेच सांगितलं.

प्रज्ञाला हे कुठूनतरी कळलंच. ती त्यांच्या टेबलापुढे येऊन रडायला लागली. मढवी भयंकर गोंधळले. त्यांना रडणाऱ्या मुलीचं काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी तिचा प्रबंध उघडला, पट्टी लावली आणि दोनशे अकराव्या पानावरचा तक्ता समासात घुसलाय म्हणून तो परत केला. ती डोळे पुसत ते पान छापायला पळाली.

तोंडी परीक्षा आमच्याकडे, मढवींच्या निवृत्तीला चार दिवस असताना ठरली. आणि तेव्हा योहानाबाईंनी कराराच्या शेवटच्या जोडपत्राची आठवण करून दिली. हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे परीक्षा बरोबर एक तास चालते. तास भरला की हातात मानाचा दंड घेतलेला एक अधिकारी सभागृहात येतो, दंड जमिनीवर आपटतो आणि 'होरा एस्त' म्हणतो, म्हणजे वेळ झाली. त्यानंतर कुणी एक शब्दही बोलायचा नाही, मग ते कुलगुरू का असेनात. आमच्या समितीत हे ऐकून हशा पिकला. मढवींनी शांतपणे विचारलं, करारात आहे ना? मग करायचं. आणि तो अधिकारी म्हणजे पीएचडी विभागाचाच माणूस असणार, हे उघड होतं.

दीक्षांत समारंभाचा दंड कपाटात होता, पण तो बाहेर काढायला चार सह्या लागल्या असत्या. मढवींनी सभागृहाच्या उंच खिडक्या उघडायची लांब काठी घेतली, तिला वर पितळी आकडा होता. तो त्यांनी चिंच लावून असा घासला की सोन्यासारखा दिसू लागला. 'होरा एस्त' दोन दिवस घोकलं. होरा तर आमच्या पंचांगात पण हाय, म्हणून समाधान मानलं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं. कुलगुरू, डीन, हॉलंडहून आलेले दोन उंच प्राध्यापक, आणि पहिल्या रांगेत प्रज्ञाचे आई-वडील. मढवी काठी घेऊन दाराबाहेर उभे. चौतीस वर्षं ते प्रत्येक तोंडी परीक्षेला त्या दाराबाहेर अहवालाची वाट बघत उभे राहिले होते. आत बोलावणं कधी आलं नव्हतं.

प्रज्ञा छान बोलत होती. शेवटच्या पाच मिनिटांत डच प्राध्यापकांनी खोचक प्रश्न टाकला. तुझ्या आकड्यांवरून दिसतं की नवीन पंपांपेक्षा गावांच्या जुन्या उघाड्यांनी माती लवकर गोड झाली, हे कसं शक्य आहे? तिने ग्लास उचलला. पाण्याचा घोट घेतला. अर्धं मिनिट गेलं. मग तिने खडू उचलला, फळ्यावर बांध काढला, दार काढलं, आणि बोलू लागली. भरती कुठवर येते, ओहोटीला कुठल्या बाजूचं मीठ आधी सुटतं, माणूस दार केव्हा उघडतो आणि तो अंदाज पंपाला का येत नाही. तिने बोटाने पाणी वळवून दाखवलं. तेवढ्यात दार उघडलं आणि मढवी आत आले. तास भरला होता.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मढवींनी काठी उचलली. आणि ती तशीच धरून उभे राहिले, हात हवेत, नजर फळ्यावर. कुलगुरूंनी घड्याळ बघितलं. डच प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या. मढवी हलले नाहीत. प्रज्ञा उघाडीच्या दारापर्यंत आली, ते बंद केलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, म्हणून पंप हरतो. मग काठी तीनदा जमिनीवर आपटली आणि मढवींनी सभागृह दणाणेल अशा आवाजात 'होरा एस्त' म्हटलं. सगळे उठून उभे राहिले, कुलगुरूसुद्धा.

निकाल जाहीर झाल्यावर प्रज्ञाच्या वडिलांना काय करावं कळेना, ते दिसेल त्याच्याशी हात मिळवत सुटले. मी मढवींना व्हरांड्यात गाठलं. त्यांच्या बगलेत सह्या झालेला अहवाल होता, चार दिवसांत अधिसूचना काढायची होती. मी म्हटलं, मढवी, दोन सूत समासासाठी माझे प्रबंध परत पाठवता, आणि आज कुलगुरूंसमोर दोन मिनिटं उशीर? करारात काय लिहिलंय?

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि घाम पुसला.

"पोरगी सांगत होती ना, मॅडम," ते म्हणाले. "लिवा मेमो. पुस्तकात एक हायच, त्याला सोबत होईल."

आणि हसले. मग काठी खांद्यावर टाकून, अहवाल छातीशी धरून, ते जिना चढून आपल्या टेबलाकडे गेले.